यंत्राकृतींसाठी संगणक-प्रणालीची निवड

रसशाळेतील यंत्राची रचना शब्दांत सांगणे कठीण आणि छायाचित्राने दाखविणे त्याहून कठीण. दोलायंत्राचे छायाचित्र घेतल्यास बाहेरचे भांडे तेवढे दिसते. पोटली द्रवात बुडलेली, परंतु तळाला न टेकलेली असावयास हवी, ही मुख्य गोष्ट झाकलेलीच राहते. ती उभ्या छेदाच्या रेखाकृतीतच स्पष्ट होते. वालुकायंत्रात कूपीभोवती वाळू कोठवर भरावी, हेही तसेच. आकृती चुकली वा पुसट छापली गेली, तर नवा कर्मचारी तीच चूक भट्टीवर करील. म्हणून आकृती काढण्याच्या प्रणालीची निवड औषधनिर्मात्यांनी केवळ छापखान्यावर सोडू नये, असे आमचे मत आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. फोटोशॉप, गिंप या प्रणाली मुख्यतः ठिपक्यांनी बनलेल्या चित्रांसाठी आहेत. वनस्पतीचे छायाचित्र किंवा हस्तचित्राची स्कॅन केलेली प्रत यांसाठी त्या योग्य. छपाईच्या आकारात इंचास 300 ठिपके मिळतील असे पाहावे. मात्र लेबलापुरते केलेले असे चित्र भिंतीवरील तक्त्याएवढे वाढविले, की रेषा फाटतात व नावे वाचता येत नाहीत. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर व इंकस्केप या वेक्टर प्रणाली रेषा गणिती रूपात साठवितात. त्यामुळे आकृती कोणत्याही आकारात रेखीव राहते. यंत्राकृती व मर्मस्थानांचे तक्ते यांसाठी हाच प्रकार घ्यावा. क्वाथनिर्मितीचा साधा प्रवाह-तक्ता लिब्रेऑफिस ड्रॉमध्येही सहज होतो.

आता खर्चाविषयी. इलस्ट्रेटरसाठी वर्गणी भरावी लागते. कोरलड्रॉ आपल्याकडील छापखान्यांत रुळलेले आहे. परंतु नव्या आवृत्तीतील फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही. 2003 साली सुरू झालेले इंकस्केप विनामूल्य असून एसव्हीजी या खुल्या स्वरूपात फाइल साठविते. पुढे प्रणाली बदलली तरी आकृती आपल्या हाती राहते. लहान औषधनिर्मात्यांनी येथूनच आरंभ करावा, असे आम्ही सुचवितो.

निवडीपूर्वी मराठीची कसोटी घ्यावी. ‘कूपीपक्व’, ‘ऊर्ध्वपातन’ हे शब्द टंकून जोडाक्षरे व रफार नीट उमटतात का, ते पाहावे. टंक युनिकोडचाच वापरावा. छापखान्यास द्यावयाच्या पीडीएफ प्रतीत अक्षरांचे रेषांत रूपांतर करावे. दुरुस्तीसाठी मूळ प्रत वेगळी जपावी. शेवटी एक छापील नमुना भट्टीवरील कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा. काही न विचारता त्याला वाळूची पातळी सांगता आली, तर आकृती साधली असे समजावे.