कृत्रिम सांधा आणि धातूची ॲलर्जी

भिलाई म्हटले की पोलाद डोळ्यांसमोर येते. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. मात्र जो धातू रोज हाताळतो, तोच शरीरात बसवायचा झाला तर? उतारवयात झिजलेल्या गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवताना हा प्रश्न उभा राहतो; कारण काही व्यक्तींना विशिष्ट धातू मानवत नाहीत.

खोटे दागिने किंवा घड्याळाचा पट्टा यांमुळे कधी कधी खाज सुटते, पुरळ उठते. त्याचे कारण बहुधा निकेल हा धातू असतो. कृत्रिम गुडघ्यात सामान्यतः कोबाल्ट व क्रोमियम यांचा मिश्रधातू वापरतात. त्यात अल्प प्रमाणात निकेलही असते. म्हणून पूर्वी असा त्रास झाला असल्यास तो शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावा.

गरज वाटल्यास डॉक्टर पॅच चाचणी करवितात. संशयित पदार्थांचे अल्प अंश पट्टीवर ठेवून ती पाठीला चिकटवतात. ४८ तासांनी पट्टी काढून त्वचा तपासतात व एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. कारण ही ॲलर्जी सावकाश प्रकट होते. तोवर पाठ भिजू द्यायची नसते.

तथापि त्वचेवर पुरळ उठले म्हणजे सांधाही बिघडेलच, असे नाही. बसवलेला सांधा दुखू लागल्यास जंतुसंसर्ग झाला आहे का, सांधा सैल झाला आहे का, हे प्रथम पाहतात. ॲलर्जी तीव्र असल्यास टायटॅनियमचा किंवा विशेष लेप दिलेला सांधा निवडता येतो. त्यामुळे भीतीपोटी शस्त्रक्रिया टाळू नये आणि संकोचापोटी पूर्वीचा त्रासही लपवू नये.