वाड्यावर जाण्याआधी

● वाडा : धनगर मेंढपाळांचा फिरता मुक्काम. बिऱ्हाड घोड्यावर, राखणीला कुत्री, कळपाभोवती जाळीची वाघूर.

● फेरा : पावसाळ्यात पठारावरचे माळ; दिवाळीनंतर बागायती पट्टा किंवा कोकण.

● मेंढी : दख्खनी. काटक, लांब चालणारी. जाडीभरडी लोकर घोंगडीसाठी.

● व्यवहार : शेतकरी रिकाम्या रानात रात्री मेंढ्या बसवतो. लेंडीखत त्याला, धान्य किंवा रोकड मेंढपाळाला.

● ओझर परिसरात जपा : हा निफाड तालुक्यातला द्राक्षपट्टा. बागांवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, असते आणि मेंढीला जादा तांबे बाधते. फवारलेल्या बागेतला पाला तिला घालू नका.

● भेट : सकाळी कळप सुटण्यापूर्वी किंवा सांजेला. कुत्री अनोळख्याला सोडत नाहीत. लांबूनच हाक द्या.