विश्लेषण : चांगल्या हेडफोनला वेगळा ॲम्प्लिफायर लागतोच का?

गाणे नीट ऐकता यावे म्हणून २०-२५ हजार रुपयांचा तारेचा हेडफोन घ्यावा आणि मोबाइलला जोडल्यावर त्याचा आवाज साध्या इअरफोनपेक्षाही दबका यावा, असा अनुभव अनेकांना येतो. मग ‘याला ॲम्प्लिफायर लागतो’ असा सल्ला मिळतो आणि जवळपास तेवढाच खर्च पुन्हा होतो. काही वेळा ही गरज खरी असते, तर काही वेळा पैसे वाया जातात. कोणत्या हेडफोनला ॲम्प्लिफायर लागतो हे खोक्यावरील दोन आकड्यांवरून, खरेदीच्या आधीच ठरवता येते. ते कसे?

मध्यम किमतीचे हेडफोन कोणते?

भारतात साधारण १० ते ३५ हजार रुपयांत मिळणारे, कान पूर्ण झाकणारे तारेचे हेडफोन या गटात धरता येतील. १९९७ मध्ये बाजारात आलेला आणि आजही विकला जाणारा सेनहायझरचा ‘एचडी ६००’, बायरडायनॅमिकचा ‘डीटी ९९० प्रो’, ऑडिओ-टेक्निकाचा ‘एटीएच-एम५०एक्स’ ही या गटातील परिचित नावे. हायफायमॅनसारख्या कंपन्यांचे ‘प्लॅनर मॅग्नेटिक’ हेडफोनही आता याच किमतीत मिळतात. नेहमीच्या हेडफोनमध्ये लहान स्पीकरप्रमाणे तारेचे वेटोळे पडद्याला हलवते. प्लॅनरमध्ये अतिशय पातळ, सपाट पडद्यावरच विद्युतवाहक पट्ट्या असतात आणि चुंबकांच्या क्षेत्रात तो पडदा कंप पावतो. ब्लूटूथ हेडफोनना मात्र ही चर्चा लागू होत नाही. त्यांच्या आतच ॲम्प्लिफायर असतो आणि बिनतारी वापरताना बाहेरून दुसरा जोडण्याची सोयही नसते.

किंमत जास्त म्हणजे आवाज चांगला?

तसे नाही. येरोन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किंमत आणि ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’, म्हणजे खर्ज ते तार अशा सर्व स्वरांना हेडफोन किती प्रमाणात न्याय देतो, यांत त्यांना काहीही संबंध आढळला नाही. जास्तीचे पैसे अनेकदा बांधणी, आरामदायी गाद्या, बदलता येणारी वायर आणि नाव यांसाठी मोजले जातात. हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचण्यांत बहुसंख्य श्रोत्यांनी, चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा समतोल असलेल्या हेडफोनला पसंती दिली. त्यामुळे तज्ज्ञांनी प्रत्यक्ष मोजलेला आलेख पाहणे आणि ओळखीच्या चार-पाच ध्वनिमुद्रणांवर हेडफोन ऐकून पाहणे, हे किमतीच्या लेबलापेक्षा भरवशाचे. तबल्याच्या बायाँची घुमारी आणि तानपुऱ्याचा झंकार दोन्ही स्पष्ट ऐकू येतात का, गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटत नाही ना, हे लगेच कळते.

ओपन-बॅक घ्यावा की क्लोज्ड-बॅक?

हे हेडफोन कुठे वापरणार यावर ठरते. ओपन-बॅक हेडफोनच्या वाट्या मागून जाळीदार असतात. त्यातून आवाज मोकळा वाटतो, पण तो बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. लोकल, कार्यालय किंवा पंखा, मिक्सर, टीव्ही एकाच वेळी चालू असलेल्या घरात त्याचा उपयोग नाही. तिथे क्लोज्ड-बॅकच हवा. रात्री शांत खोलीत ऐकणाऱ्यांसाठी ओपन-बॅक योग्य. चष्मा लावणाऱ्यांनी हेडफोन निदान अर्धा तास घालून पाहावा. कानशिलांवरचा दाब दुकानातील दोन मिनिटांत समजत नाही.

खोक्यावरील कोणते दोन आकडे पाहायचे?

पहिला ‘इम्पीडन्स’, म्हणजे हेडफोनचा विद्युत प्रवाहाला होणारा रोध. तो ओहममध्ये असतो. एम५०एक्सचा ३८, डीटी ९९० प्रोच्या प्रचलित आवृत्तीचा २५०, तर एचडी ६०० चा ३०० ओहम आहे. दुसरा ‘सेन्सिटिव्हिटी’, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो. केवळ इम्पीडन्स पाहून ‘हा जड हेडफोन आहे’ असे म्हणण्याची चूक सर्रास होते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

इथे आणखी एक गफलत होते. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला मोजून देतात, तर काही एका व्होल्टला. एका मिलिवॅटला ९७ डेसिबल देणारा हेडफोन ३२ ओहमचा असेल तर एका व्होल्टला तो सुमारे ११२ डेसिबल देतो. तोच ३०० ओहमचा असेल तर १०२ डेसिबल. एकक न पाहता दोन खोक्यांवरील आकड्यांची तुलना केली, तर निष्कर्ष चुकणारच.

प्रत्यक्ष गणित कसे मांडायचे?

आरामात ऐकताना सरासरी आवाज ७० ते ८० डेसिबल असतो. मात्र संगीतात क्षणिक उसळ्या असतात. तबल्याची जोरकस थाप किंवा वाद्यवृंदाचा चढता भाग सरासरीपेक्षा २० डेसिबल किंवा त्याहून वर जातो. म्हणून क्षणिक ११० डेसिबलपर्यंतची तयारी असली की पुरे. दर ३ डेसिबलसाठी वीज दुप्पट आणि दर १० डेसिबलसाठी दहापट लागते, एवढे लक्षात ठेवायचे.

आता ३०० ओहम आणि एका मिलिवॅटला ९७ डेसिबल असलेला हेडफोन घेऊ. ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे २० मिलिवॅट, म्हणजे जवळपास अडीच व्होल्ट आणि फक्त ८ मिलिॲम्पिअर लागतात. तितकीच सेन्सिटिव्हिटी असलेल्या ३२ ओहमच्या हेडफोनलाही २० मिलिवॅटच लागतात. पण ते ०.८ व्होल्ट आणि २५ मिलिॲम्पिअर अशा रूपात. २५ ओहम आणि ९१ डेसिबलच्या प्लॅनर हेडफोनला मात्र सुमारे ८० मिलिवॅट, म्हणजे १.४ व्होल्ट आणि ५६ मिलिॲम्पिअर हवेत. थोडक्यात, जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज हवे असते, तर कमी ओहमच्या पण मंद प्लॅनरला प्रवाह.

मग ॲम्प्लिफायर कोणाला लागतो?

मोबाइलला जोडायची छोटी यूएसबी-सी पिन साधारण अर्धा ते एक व्होल्ट देते. ३८ ओहमच्या एम५०एक्ससारख्या हेडफोनला एवढे पुरते. तिथे वेगळा ॲम्प्लिफायर घेणे म्हणजे सायकलला ट्रकचे इंजिन लावणे. ३०० ओहमच्या वरील हेडफोनला एका व्होल्टमध्ये १०२ डेसिबलपर्यंत जाता येते. त्यामुळे एकसारख्या मोठ्या आवाजात मुद्रित झालेली आजची चित्रपटगीते तो सहज वाजवतो. ख्याल किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण मात्र हळू पातळीवर असते. तिथे व्हॉल्यूमचे टोक गाठूनही आवाज अपुरा वाटू शकतो. अर्ध्या व्होल्टच्या पिनवर तर आणखी ६ डेसिबल कमी होतात.

काही उपकरणांत ही सोय आधीच असते. ॲपलच्या २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये १५० ओहम किंवा अधिकचा हेडफोन ओळखून ३ व्होल्टपर्यंत देणारे जॅक आले. तो लॅपटॉप वापरणाऱ्याला एचडी ६०० साठी निराळे यंत्र नको. म्हणून आधी हेडफोन घ्यावा, घरात आहे त्या उपकरणाला जोडून आठवडाभर ऐकावे आणि व्हॉल्यूम पूर्ण करूनही कमी पडतो किंवा फाटतो असे दिसले, तरच ॲम्प्लिफायरकडे वळावे.

ॲम्प्लिफायर निवडताना काय पाहायचे?

जाहिरातीत बहुधा ३२ ओहमवरची वॅट क्षमता ठळक असते. आपल्या हेडफोनच्या ओहमवर किती मिळते, ते पाहावे. ३२ ओहमवर एक वॅट देणारे यंत्र ३०० ओहमवर त्याचा छोटा अंशच देते, पण २० मिलिवॅटच्या गरजेला तो पुरून उरतो.

दुसरी बाब म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा ‘आउटपुट इम्पीडन्स’. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, हा रूढ ठोकताळा आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहमपेक्षा कमी. तो जास्त असेल तर अनेक हेडफोनचा खर्ज फुगतो. एचडी ६०० चा इम्पीडन्स खर्जात ५०० ओहमच्याही वर जातो. त्यामुळे जास्त आउटपुट इम्पीडन्सच्या काही व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर तो अधिक भरदार वाटतो. ती अचूकता नव्हे, आवडीचा भाग आहे. असे यंत्र कमी ओहमच्या प्लॅनरला मात्र सहसा जुळत नाही.

‘बॅलन्स्ड’ ४.४ मिलिमीटर जॅकमुळे अनेक यंत्रांत जास्त व्होल्टेज मिळते. साध्या जॅकवर आवाज पुरत असेल तर त्यासाठी वेगळी वायर घेण्याचे कारण नाही. परदेशातून यंत्र मागवणाऱ्यांनी अडॅप्टर तपासायलाच हवा. काही अमेरिकी ॲम्प्लिफायरसोबत केवळ ११५-१२० व्होल्टवर चालणारा अडॅप्टर येतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला तर जळतो आणि यंत्रही निकामी होऊ शकते. शिवाय भारतातील अधिकृत विक्रेत्याचे बिल नसेल, तर वॉरंटी मिळणे कठीण होते.

ॲम्प्लिफायरने आवाज सुधारतो का?

हेडफोनला पुरेशी वीज आधीच मिळत असेल, तर दुसऱ्या चांगल्या ॲम्प्लिफायरने पडणारा फरक फार थोडा असतो. दुकानात तो मोठा भासतो, कारण नवे यंत्र थोडे मोठ्याने वाजत असते. एखाद-दोन डेसिबलची वाढ कानाला ‘मोठा’ नव्हे, ‘चांगला’ आवाज वाटते. तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी ठेवावी. स्वरांचा समतोल बदलायचा असेल, तर मोबाइल किंवा संगणकातील इक्वलायझर फुकट काम करतो. म्हणून एकूण रकमेचा मोठा वाटा हेडफोनवर खर्च करणे शहाणपणाचे.

कानांना धोका किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबल आणि तितकेच तास आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. त्यानुसार ९० डेसिबलवर प्रौढांना आठवड्याला जेमतेम चार तास मिळतात. ताकदवान ॲम्प्लिफायरमुळे ही मर्यादा नकळत ओलांडणे सोपे होते. ‘गेन’चे बटण कमीवर ठेवून, व्हॉल्यूम शून्यावर आणूनच हेडफोन जोडावा आणि मग आवाज हळूहळू वाढवावा. गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवावा लागत असेल, तर उपाय मोठा ॲम्प्लिफायर नसून क्लोज्ड-बॅक हेडफोन हा आहे. हेडफोन बदलता येतो, पण आवाजाने कायमची कमी झालेली ऐकण्याची क्षमता परत मिळत नाही.