कोयीचा आंबा, कलमाचा आंबा

हापूस खाऊन झाला की कोय कुंडीत खोचून पाहायची हौस आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे. रोप उगवते, मुले खूश होतात. पण त्याला हापूसच लागेल असे धरून पाच-सात वर्षे वाट पाहू नका, एवढे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

मोहोरावर माश्या बसतात, एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लागतो आणि कोयीत दोघांचे गुण मिसळतात. बाप कोण, ते झाडालाच ठाऊक! अशा झाडाला कोकणात रायवळ म्हणतात. कलमात हे काहीच होत नाही. हापूसची काडी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बांधतात. वर वाढते ते जुन्या झाडाचेच अंग. म्हणून चव तीच, आणि खोडही तीच. देखण्या फळात निघणारा साका कलमाबरोबर बागोबाग जातो. तो टळला संकराने: नीलम आणि हापूस यांच्यापासून वेंगुर्ल्याला तयार झालेल्या ‘रत्ना’त (१९८१) साका नाही.

कोय अगदीच वाया जाते असेही नाही. १८८९ साली भारतातून मुलगोबाची कलमे फ्लोरिडात आली. कॅप्टन हेडन यांनी १९०२ मध्ये त्याच्या कोयींपासूनची रोपे लावली, पुढच्याच वर्षी ते वारले. झाडे त्यांच्या पत्नीने राखली. १९१० मध्ये एकाला लालबुंद, गोड फळ धरले. तोच ‘हेडन’, पुढे त्याचीही कलमेच झाली. इथल्या दुकानांतला टॉमी अ‍ॅटकिन्स हे हेडनचे पोर. आजीची चव मात्र त्याने घेतली नाही, असे आमचे मत.