या वयात झेपेल का?

कवठे महांकाळ तालुक्यातील एखाद्या गावी, सत्तरी ओलांडलेल्या वडीलधाऱ्या माणसास आतड्याचा कर्करोग असल्याचे निदान होऊन, मिरजेच्या वा मुंबईच्या इस्पितळात मोठी शस्त्रक्रिया करवून घेण्याचा सल्ला मिळतो, तेव्हा घरातील मंडळी प्रथम विचारतात, ‘या वयात त्यांना झेपेल का?’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर केवळ जन्माच्या दाखल्यात शोधणे हा त्या रुग्णावर अन्याय होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

शस्त्र रोग हरण करावयास आले आहे की प्राण, याचा विवेक शरीर करीत नाही. ते त्यास आघातच समजते. मेंदूकडून हुकूम सुटतात, अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल रक्तात सोडतात, नाडी जलद होते, साखर चढते आणि इन्सुलिनचा अंमल ढिला पडतो. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास, हाड मोडलेल्या रुग्णांच्या मूत्रातील नायट्रोजन मोजून, जखम एका ठिकाणी झाली तरी स्नायूंची झीज सर्वांगात होते, हे दाखवून दिले. अवर्षणात पेवातील धान्य उपसून घर चालवावे, तद्वत शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून जखमेस पुरविते; आणि वृद्धाचे हे पेव वयाने, कर्करोगाने व अन्नावरची वासना उडाल्याने पुष्कळदा आधीच तळाला गेलेले असते. हृदय व मूत्रपिंडे यांचीही गत तीच: नित्याच्या कामास पुरेशी, मात्र अकस्मात वाढलेल्या मागणीस अपुरी.

मेंदूही यातून सुटत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या एखाद्या रात्री आजोबा असंबद्ध बोलू लागले, तर वेड लागले म्हणून घाबरू नये, पण डॉक्टरांस तत्काळ सांगावे. हा भ्रम बहुधा ओसरतो, आणि चष्मा, श्रवणयंत्र, निवांत झोप व ओळखीचा चेहरा यांचा त्यास मोठा उतार पडतो.

म्हणूनच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांची चाल, आहार, स्मरण, मनःस्थिती व चालू औषधे यांची स्वतंत्र तपासणी केली जाते. डेन्मार्कचे शल्यवैद्य हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात, वेदनांचा चोख बंदोबस्त करून रुग्णास लवकर जेवू घालण्याचा व चालविण्याचा परिपाठ घातला. आपल्याकडे मात्र तारीख मिळेपर्यंत रुग्णास मायेने अंथरुणावर निजवून ठेवतात, आणि त्या पडून राहण्यानेच उरलेसुरले स्नायू झिजतात. ते आठवडे डॉक्टरांच्या संमतीने रोज चालण्यात, श्वासाच्या व्यायामात, डाळ, दूध, अंडी खाण्यात आणि तंबाखू सोडण्यात घालवावेत.