पहिली वेबसाइट आणि टेलिफोनची यादी

जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत एका काळ्या 'नेक्स्ट' संगणकावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती : 'हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका!' १९९० च्या अखेरीस साऱ्या जगातले वर्ल्ड वाइड वेब त्या एकाच यंत्रात होते. रात्री घरी जाताना कोणी सवयीने बटण दाबले असते, तर वेबच बंद पडले असते!

ते उभारणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांची मूळ अडचण घरगुतीच होती. सर्नमध्ये देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, बहुधा दोनेक वर्षे काम करत आणि परत जात. कोणता प्रोग्रॅम कोणी लिहिला, कोणता भाग कशाला जोडला आहे, ही माहितीही त्यांच्याबरोबर जाई. आम्हा संशोधकांना हे नवीन नाही. विद्यार्थी पीएच.डी. होऊन गेला की वह्या मागे राहतात, कोणती वही कशाची हे सांगणारा राहत नाही. मार्च १९८९ मध्ये बर्नर्स-लींनी यावर एक प्रस्ताव लिहिला. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला : 'मोघम, पण उत्साह वाटावा असे.'

संगणकांना जोडणारे इंटरनेट तोवर होतेच. वेबने त्यात तीन गोष्टींची भर घातली : प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता, पान मागण्याचे व देण्याचे नियम (एचटीटीपी) आणि पान लिहिण्याची खुणांची भाषा (एचटीएमएल). पण खरी युक्ती मला वेगळीच वाटते. आधीच्या अनेक पद्धतींत सर्व दुव्यांची नोंद एका ठिकाणी ठेवत, म्हणजे एकही दुवा तुटू नये. बर्नर्स-लींनी हा हट्ट सोडला. कोणीही, कोणालाही न विचारता, कोणत्याही पानाकडे दुवा द्यावा. ते पान नाहीसे झाले तर 'सापडले नाही' असे उत्तर यावे, एवढेच. आज पडद्यावर दिसणारा '४०४' हा आकडा याच सवलतीची किंमत आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. प्रत्येक मुलाने एका कार्डावर एका विषयाची माहिती लिहावी, दोन शब्द अधोरेखित करावेत आणि त्यांच्यापुढे दुसऱ्या कोणाचा हजेरी क्रमांक घालावा. मग एका कार्डापासून सुरू करून क्रमांकांमागे जात राहावे. एक मुलगा गैरहजर असला तर एक वाट बंद होते, खेळ थांबत नाही. हाच खेळ सगळे दुवे फक्त शिक्षकांच्या वहीत ठेवून खेळा, म्हणजे फरक कळेल.

आता प्रश्न प्रचाराचा. रिकाम्या जाळ्यात कोण येणार? पहिल्या वेबसाइटवर वेब म्हणजे काय आणि आपला सर्व्हर कसा उभारावा, हीच माहिती होती. ती वाचायला भौतिकीवाल्यांना सवड नव्हती. त्यांना रोज लागे ती सर्नची टेलिफोनची यादी, आणि ती मोठ्या मध्यवर्ती संगणकात अडकलेली होती. ती वेबवर आणली. निकोला पेलो या विद्यार्थिनीने कोणत्याही साध्या टर्मिनलवर चालणारा ब्राउझर लिहिला. लोक नंबर शोधायला आले आणि वेब वापरू लागले.

ऑगस्ट १९९१ मध्ये इंटरनेटवर जाहीर निवेदन झाले. डिसेंबरात अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओच्या हायपरटेक्स्ट परिषदेत मात्र त्यांचा निबंध स्वीकारला गेला नाही, फक्त प्रात्यक्षिकाला जागा मिळाली! त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात पॉल कुन्झ यांनी अमेरिकेतला पहिला सर्व्हर सुरू केला. त्यावर शोधनिबंधांची सूची होती. पुन्हा रोजच्या गरजेचीच वस्तू.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे सॉफ्टवेअर सर्वांना विनामूल्य खुले केले. 'गोफर' या तेव्हाच्या लोकप्रिय पद्धतीच्या सर्व्हरसाठी मिनेसोटा विद्यापीठाने त्याच वर्षी शुल्काची घोषणा केली होती. लोक तिकडून इकडे वळले. चित्रे दाखवणारा 'मोझॅक' ब्राउझरही त्याच वर्षीचा.

२०१३ मध्ये सर्नने पहिली वेबसाइट तिच्या मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली. त्यासाठी नंतरच्या काळातली प्रत वापरावी लागली. माहिती हरवू नये म्हणून सुरू झालेल्या त्या कामाच्या अगदी पहिल्या पानाची प्रत कोणी जपून ठेवलीच नव्हती.