पिस्टन मागे सरत नाही तेव्हा
गाडी आपली, पानाही आपलाच : भाग ९

मागच्या भागात आपण पुढचं चाक काढलं, कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडून तो वर उचलला आणि झिजलेले ब्रेक पॅड बाहेर काढले. इथवर सगळं सुरळीत होतं. नवे पॅड जुन्यांपेक्षा बरेच जाड असतात, त्यांना जागा करून द्यायला पिस्टन मागे ढकलावा लागतो, आणि नेमका इथेच तो हटून बसतो. अशा वेळी हातोडा हाती घेण्याचा मोह होतो. तो घेऊ नका. आधी पिस्टन चालतो कसा हे समजून घेऊ, म्हणजे तो का अडला हेही कळेल.

पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला पुढे ढकलतो. पेडल सोडल्यावर त्याला मागे ओढणारी स्प्रिंग मात्र कॅलिपरमध्ये कुठेच नसते. ते काम करते पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची एक रबरी कडी. पिस्टन पुढे सरकताना ती त्याला चिकटून किंचित पिळली जाते आणि दाब गेला की सरळ होताना त्याला केसभर मागे आणते. डिस्कवरची पॅडची पकड सुटते ती एवढ्याशा हालचालीने. पॅड झिजला की पिस्टन कडीतून तेवढा पुढे घसरतो आणि तिथेच राहतो. मागे झालेली पोकळी ऑइलने भरते, म्हणून वरच्या डबीतली पातळी हळूहळू उतरत जाते. मधल्या काळात कुणी ती काठोकाठ भरली असेल, तर पिस्टन मागे ढकलताना जादा ऑइल बाहेर सांडणार. हे ऑइल गाडीचा रंग उडवतं. त्यामुळे काम सुरू करण्याआधी डबीचं झाकण सैल करा, भोवती फडकं ठेवा, पातळी वर असेल तर स्वच्छ पिचकारीने थोडं ऑइल काढून घ्या.

जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून त्यावर सी-क्लॅम्प लावा आणि सावकाश आवळा. पिस्टन तिरका झाला तर अडकतो, म्हणून जोर मधोमध यायला हवा. तरीही हलला नाही, तर माझ्या मते सगळ्या कामातली सर्वात मोलाची चाचणी करायची ती आता. कॅलिपरच्या निपलला नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, निपल पाव फेरा सैल करा आणि पुन्हा ढकला. आता पिस्टन सहज गेला, तर कॅलिपर निर्दोष आहे, अडथळा त्याच्या मागे आहे. बहुतेक वेळा तो रबरी होजमध्ये असतो. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगून अरुंद झालेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येताना अडतं. निपल उघडूनही पिस्टन ढिम्म राहिला, तर तो गंजला आहे. मग घरचं काम थांबवून कॅलिपर दुरुस्तीला द्यायचा. ढकलून झालं की निपल बंद करायला विसरू नका.

आणखी एक अपवाद आहे. मागच्या चाकांनाही डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन नुसता ढकलून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो; त्याच्या तोंडावर खाचा दिसतील. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये घालावा लागतो. इथे जोर केला तर आतली यंत्रणा मोडते.

पिस्टन नीट असूनही ब्रेक अडकू शकतो. आमचं गाव चिपळूणजवळ. एका पावसाळ्यात गाडी दोन महिने अंगणात उभी होती. गणपतीनंतर कुंभार्ली घाट उतरताना डाव्या चाकाकडून जळका वास आला. चाक उघडलं तर आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ अर्धा शिल्लक. असं दिसलं की पॅडला दोष देऊ नये. आपल्या बहुतेक लहान गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढण्यासाठी अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिना गंजल्या की तो सरकत नाही, सगळा भार आतल्या पॅडवर येतो. नुसते नवे पॅड घातले असते तर तेही तसेच गेले असते. पिना काढून पुसा, बारीक पॉलिश पेपर मारा, रबरी बूट फाटलेत का बघा. ग्रीस मात्र ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस हवं. घरातलं साधं पेट्रोलियम ग्रीस या रबराला फुगवतं आणि मोकळी केलेली पिन काही महिन्यांत पुन्हा जाम होते.

नवा पॅड खाचेत घट्ट बसत असेल तर त्याचे कान घासू नका. स्टीलच्या क्लिपा काढा. खाली गंज साठून त्यांना वर उचलतो, जागा अरुंद होते. तारेच्या ब्रशने तो खरवडला की पॅड हाताने सरकतो, आणि तसाच सरकायला हवा. कॅलिपर खाली बसत नसेल तर पिस्टन पूर्ण आत गेलाय का आणि नवे पॅड जुन्यांच्या मापाचे आहेत का ते बघा. हे सगळं होईपर्यंत कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. आणि तो उघडा असताना कुणालाही पेडलला पाय लावू देऊ नका, पिस्टन बाहेर येईल.

सगळं जोडल्यावर पहिल्यांदा पेडल थेट तळाला जातं. घाबरू नका, पिस्टन मागे आहे, पॅडपर्यंत पोहोचला नाही. गाडी जागेवरच ठेवून पेडल कडक होईपर्यंत सावकाश दाबत राहा, मग डबीतली पातळी बघा. तरीही ते स्पंजासारखं दबत राहिलं तर ऑइलमध्ये हवा शिरली आहे. ती काढल्याशिवाय गाडी फाटकाबाहेरही न्यायची नाही.

मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक लावून बघा. गाडी उजवीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक कमी पकडतोय. चिरका आवाज आला तर क्लिपा आणि पॅडच्या मागची पत्री तपासा. पॅडवर ग्रीस लागलं असेल तर तो पुसून वापरू नका, जोडी बदला. परत आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ, स्पर्श न करता, तळहात धरा. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. घाटात ही उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतलं पाणी शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ठरलेली मर्यादा १४० अंशांची आहे. उकळलं की वाफ होते आणि पेडल पायाखालून निघून जातं.

हे ऑइल घरी कसं बदलायचं ते पुढच्या आठवड्यात. तोवर थोडी गाडी चालवून झाली की चाकाच्या नटांना पुन्हा एकदा पाना लावा.